मोरेबाईंचं खारं पाणी

मित्रांनो, गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे, एक गंजलेली चौकट उलटी पडली आहे. ती मी. माझ्या तीन काचा शाबूत आहेत, चौथीला तडा गेला आहे. सगळे मला भंगार म्हणतात. एके काळी माझ्यात अख्ख्या कॉलनीला वेड लावणारा मासा राहत होता, हे आता कुणाला खरंही वाटत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली एका फ्रेमवाल्याने मला घडवलं. तसबिरींना काचा बसवण्यात त्याचा जन्म गेलेला. माशांची पेटी त्याने कधी केलेली नव्हती. लोखंडी पट्ट्या जोडून, कडांना काचा चिकटवायची लांबी भरून त्याने मला उभं केलं आणि गळते का ते पाहायला पाण्याने भरून दुकानाबाहेर ठेवलं. मी थेंबभरही गळले नाही. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मी आपली ऐटीत उभी.

मला विकत घेतलं सावळीराम गांगुर्डे यांनी. कचेरीत कारकून, पण भारी हौशी माणूस. मुंबईचं मत्स्यालय पाहून आल्यापासून त्यांच्या डोक्यात समुद्राने घर केलं होतं. लोक सोनेरी मासे पाळत, यांना मात्र समुद्रातलाच जीव हवा होता. त्यांचा मित्र कारभारी लासलगावहून कांद्याचा ट्रक घेऊन मुंबईच्या बंदरावर जायचा. परत येताना तो समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणू लागला, आणि एकदा पिंपात घालून एक वाम, सापासारखा लांब मासा, घेऊन आला.

"भाऊ, खडकाच्या कपारीतली आहे," कारभारी म्हणाला. "बोटं सांभाळा. धरलं की सोडत नाही."

ती मनगटाएवढी जाड होती आणि तिच्या तपकिरी अंगावर पिवळे ठिपके होते. सावळीराम येईल त्याला छाती फुगवून सांगायचे, "इंग्रजीत हिला मोरे ईल म्हणतात."

शेजारच्या वत्सलाबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, "मोरे? मग माहेर कुठलं म्हणायचं हिचं?"

झालं. त्या दिवसापासून ती मोरेबाई झाली.

मोरेबाई सारखं तोंड उघडायची आणि मिटायची. ती डाफरते आहे असं समजून लोक माझ्या काचेवर टकटक करायचे. ती बिचारी श्वास घेत असायची. लपायला तिला माठाचा एक फुटका तुकडा होता. पाहुणे आले की सावळीराम तोही काढून घ्यायचे, कारण मासा दिसायला हवा. मग ती माझ्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. मला तिची कीव यायची, पण माझं कौतुकही तिच्यामुळेच होत होतं. खाऱ्या पाण्याने माझं लोखंड कुरतडायला सुरुवात केली होती, तेही मी कौतुकापायी सोसलं.

सावळीरामांच्या पत्नी लताबाई आधी त्या खोलीत पाऊल टाकायला घाबरायच्या. पुढे माशाचे तुकडे सांडशीत धरून भरवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. हळूहळू त्यांचं पाऊल वाजलं की मोरेबाई माठाबाहेर डोकं काढू लागली. "जेवणार का बाई?" असं त्या विचारायच्या, आणि दारात कुणी उभं असलं की लाजायच्या. त्या घरात तिच्यावर खरी माया कुणी केली असेल तर ती लताबाईंनी.

ऐंशी साली सावळीरामांना कचेरीच्या कामासाठी कळवणला जावं लागलं. निघताना त्यांनी बजावलं, "कारभारी कॅन आणून देईल. अर्धं पाणी काढायचं, अर्धं भरायचं. खारंच भरायचं हं. नळाचं चुकूनसुद्धा नाही."

"खारंच भरीन," लताबाई म्हणाल्या.

त्याच सुमारास कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको सुरू झाला. ट्रक जागच्या जागी थांबले. कारभारी आला नाही आणि सावळीरामही अडकले. कॅन संपले, पाणी गढूळ झालं, वास येऊ लागला. लताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नेमके तेव्हा त्यांचे थोरले भाऊ पुंजाराम गावाहून सायकलवर आले.

"दादा, खारं पाणी कुठं मिळेल?"

"येवढंच ना? आपल्या खाऱ्या विहिरीचं आणतो की. लय खारं हाय. गुरंबी तोंड लावत नाय त्याला."

मित्रांनो, आमच्याकडे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याला खारं म्हणतात. पुंजारामांनी आणलेलं ते पाणी लताबाईंनी चाखून पाहिलं. खारंच लागलं. मुंबईला सावळीराम एकटेच गेले होते. लताबाईंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाणी फडक्यातून गाळलं आणि हलक्या हाताने माझ्यात ओतलं.

ते आत पडताच मला कळलं की हे ते पाणी नव्हे. पण काचेला तोंड कुठलं?

मोरेबाईचं तोंड भरभर उघडू लागलं. तिला भूक लागली असं समजून लताबाईंनी जास्त तुकडे टाकले. ते तसेच राहिले, कुजले. पाणी घाण झालं म्हणून त्यांनी पुन्हा अर्धं काढलं आणि पुन्हा विहिरीचं भरलं. मोरेबाईचे डोळे पांढुरके झाले, अंगावर बुळबुळीत थर आला. शेवटी ती माठातून निघून वर, माझ्या काठाशी आली. लताबाई सांडशी धरून शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच ती आडवी झाली.

रस्ते सुटल्यावर सावळीराम आले. त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे कसलं पाणी?"

"खारं."

"हे खारं? अगं, विहिरीचं पाणी आहे हे."

"तुम्ही खारंच म्हणाला होतात."

सावळीराम चिडले. कॉलनीत त्यांनी सांगितलं, "बायकोने मारली." लोक हसले आणि विसरून गेले. लताबाई विसरल्या नाहीत. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना जीवहिंसा न करण्याच्या पहिल्या शीलापाशी त्यांचा आवाज बंद पडायचा.

मला रिकामी करून घरच्यांनी माझ्यात आधी कोळसा भरला, मग मला गच्चीवर टाकलं.

काही वर्षांनी डिसेंबरात कॉलनीतल्या बायका दादरला चैत्यभूमीवर गेल्या. लताबाईही गेल्या. परत आल्यावर सावळीरामांना घेऊन त्या गच्चीत माझ्यापाशी आल्या.

"समुद्राचं पाणी तोंडात घेतलं मी," त्या म्हणाल्या. "एवढं खारं असतं होय ते? एकदा चव दाखवली असती, तर जगवली असती मी तिला."

सावळीराम खाली बघत जिना उतरून गेले. लताबाई मागे राहिल्या आणि पदराने माझी काच पुसू लागल्या.

मित्रांनो, समुद्रातला जीव घरात आणायची हौस आवरा. आणि कुणाच्या हाती एखादा जीव सोपवाल, तर त्याला काय लागतं ते हातात देऊन, चाखवून दाखवा. नुसत्या एका शब्दावर कुणाला सोडून जाऊ नका. लताबाईंना कुणी मोरेबाईचं विचारलं, तर त्या अजूनही "माझ्या हातून गेली" एवढंच म्हणतात. तुम्ही कधी या जिन्याने वर आलात तर जाताना त्यांच्या दारात थांबा, आणि पेटीने सगळं पाहिलं आहे, एवढं त्यांना सांगा.