वहीतल्या तीन लाल खुणा

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला तिने गॅसवर चहा ठेवला, बाबांची रक्तदाबाची गोळी बशीत काढली आणि उकळी येईपर्यंत आपली बातमी पुन्हा एकदा वाचली. सोमवारी शाळेतल्या एकतीस मुलांना उलट्या झाल्या होत्या. आता सगळी घरी परतली होती. जलशुद्धीकरण केंद्रातल्या कामगाराने त्या दिवशी पाण्यात क्लोरीन घातलेच नाही, असे बातमीत होते. वहीत डॉक्टर, मुख्याध्यापिका आणि नगरसेवक या तिघांपुढे लाल खुणा होत्या. तिघांनी दुजोरा दिल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा बातमीदार म्हणून तिचा नेम होता. दुपारी बाराला मजकूर संपादकांकडे जायचा होता, आणि तो छापून आला की त्या कामगाराची नोकरी जाणार हे उघड होते.

बाबांनी जन्मभर कोर्टात साक्षी टाइप केल्या होत्या. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला.

"या तिघांनी पाहिलं, की ऐकलं?"

"बाबा, तिघंही जबाबदार माणसं आहेत."

"असतील गं. पण पाहिलं, की ऐकलं?"

"तुम्ही निवृत्त झालात, पण कोर्ट काही सुटलं नाही तुमचं."

"चहात साखर नाही. हे मी स्वतः चाखलंय, कुणाकडून ऐकलेलं नाही."

ती हसली; पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. साडेआठला तिने फोन लावायला सुरुवात केली.

"मी पाणी कुठं तपासलं?" डॉक्टर म्हणाले. "मला मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं." मुख्याध्यापिकांना नगरसेवकांनी सांगितले होते. नगरसेवक तर हसलेच.

"अहो ताई, मला कोण सांगणार? सोमवारी तुम्हीच नाही का फोन केलात? क्लोरीन घालायचं राहिलं असेल का, म्हणालात. मला वाटलं, पेपरवाल्यांना आतली खबर असणार!"

तिने वहीचे पहिले पान उघडले. 'क्लोरीन? अंदाज.' अक्षर तिचेच होते. कालच तो कामगार केंद्राच्या फाटकाशी उभा राहून म्हणाला होता, "ताई, मी औषध घातलंय. पण ती तीन मोठी माणसं. माझं एकट्याचं कोण ऐकणार?" ते वाक्य तिने बातमीच्या अगदी तळाशी टाकले होते.

दहाच्या आत ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पोहोचली. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी सहीशिक्क्याचा अहवाल पुढे सरकवला.

"परवापासून तयार आहे. मागायला कुणी आलंच नाही. सगळ्यांना आधीच सगळं ठाऊक होतं ना!"

शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या मुख्य नळाच्या पाण्यात सोमवारी क्लोरीन पुरेसे होते. गच्चीवरच्या टाकीत मात्र ते नावालाही नव्हते, आणि जंतू भरपूर होते.

"नमुने तुम्ही स्वतः घेतलेत?"

"मग काय! टाकीच्या शिडीवर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. तेही छापणार का?"

तरीही ती शाळेत गेली आणि शिपायाला बरोबर घेऊन गच्चीवर चढली. टाकीचे झाकण दुभंगलेले होते. आत पिसे तरंगत होती. खाली उतरताना तिने जिन्याच्या कठड्याला टेकून खोल श्वास घेतला. बातमी अजून छापली गेलेली नव्हती.

नवा मजकूर वाचून संपादकांनी मान वर केली.

"म्हणजे सुटला बिचारा. पण हा शेवट कशाला? 'क्लोरीनबाबतची अफवा प्रस्तुत बातमीदाराच्याच एका अंदाजातून पसरली.' स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापतेस? काढून टाक. कोण विचारणार आहे?"

"घरी एक जण आहेत."

"बघ बाई. तुझी बातमी, तुझं नाक." ते चहा घ्यायला उठले.

ती संगणकापुढे बसली. कामगाराचे वाक्य तिने तळातून उचलून पहिल्या परिच्छेदात आणले. अफवेबद्दलची ओळ शेवटी राहिली असती, तर कुणाच्या नजरेतून सुटली असती. ती तिने त्या वाक्याच्या लगेच खाली घेतली. बाराला आठ मिनिटे असताना बातमी पाठवली, आणि मग त्या कामगाराला फोन लावला.