धाकू परबांचं उत्तर

अक्षता राणेचं काम लोकांना भविष्य विचारायचं होतं. दर दोन महिन्यांनी ती घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या चाळी आणि पुनर्वसनाच्या इमारती पालथ्या घालायची. ठरवून दिलेल्या चाळीस घरांत जायचं आणि विचारायचं, येत्या तीन महिन्यांत वस्तूंच्या किमती वाढतील का, वर्षभराने किती वाढलेल्या असतील, टक्क्यांत सांगा. उत्तर टॅबमध्ये भरायचं. तिची एजन्सी अंधेरीच्या एमआयडीसीत होती. तिथून ही उत्तरं मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात जात आणि महागाईबद्दल लोकांच्या मनात काय आहे, यावर तिथले अर्थतज्ज्ञ अहवाल लिहीत. अक्षताला फॉर्ममागे पैसे मिळायचे. नवऱ्याच्या कुरिअरच्या नोकरीत भागत नव्हतं, म्हणून तिने हे काम धरलं होतं.

बहुतेक घरांत तिला दारातूनच कटवायचे. टक्के म्हटलं की बायका हसायच्या, नाहीतर तूच काय ते लिही म्हणायच्या. धाकू परबांचं घर तेवढं वेगळं. चौथ्या मजल्यावरची एक खोली, गिरणीतून बाहेर पडलेला सत्तरी ओलांडलेला माणूस आणि त्यांची बायको द्रौपदी. अक्षता येणार असं कळलं की धाकूकाका बनियनवर शर्ट चढवून बसायचे. तिने प्रश्न विचारला की म्हणायचे, नारळ धरून सांगू की नारळ सोडून? मग बांगड्यापासून रॉकेलपर्यंत सगळा हिशेब बोटांवर मांडून एक आकडा द्यायचे आणि तो तिने नीट टिपला की नाही, हे टॅबमध्ये डोकावून बघायचे. आपला आकडा साहेबांच्या टेबलावर जातो, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. द्रौपदीकाकू तोवर चहा टाकायच्या. सहा फेऱ्या अशा झाल्या.

सातव्या फेरीत अक्षताच्या मुलीला, मुक्ताला, डेंग्यू झाला. चार दिवस मुलगी पालिकेच्या रुग्णालयात, अक्षता तिच्या उशाशी आणि इकडे फेरी संपायला दोन दिवस उरलेले. परबांच्या इमारतीतली नऊ घरं राहिली होती. तिने सुपरवायझरला, हर्षदला, फोन करून मुदत मागितली. तो म्हणाला, बँकेची तारीख माझ्या हातात नाही, चाळीस पूर्ण झाले नाहीत तर फेरीचे पैसे अडकतील.

ती दुपारी तासाभरासाठी निसटली आणि असल्फ्याला आली. लिफ्ट बंद होती. टॅबला जागा कळते, म्हणून इमारतीपर्यंत येणं भाग होतं, पण वर चढण्याचं त्राण तिच्या पायांत नव्हतं. खालच्या कट्ट्यावर बसून तिने नऊच्या नऊ फॉर्म भरले. त्यात फारसं अवघडही काही नव्हतं. कोण काय बोलतं, हे तिला पाठ झालं होतं. धाकूकाकांचं उत्तर भरताना तर तिने दोन मिनिटं विचार केला. नारळ महागला होता, म्हणजे ते गेल्या वेळेपेक्षा दोन टक्के जास्त सांगतील. तिने बारा लिहिलं.

आठवड्याने हर्षदने तिला अंधेरीला बोलावून घेतलं. तपासणीसाठी एजन्सी काही घरांना फोन करते, तसा परबांच्या नंबरावर केला होता. फोन काकूंनी उचलला. धाकू परब आहेत का, नऊ तारखेला त्यांची मुलाखत झाली ना, असं तिकडच्या मुलीने विचारलं. काकू म्हणाल्या, ते तर गेल्या महिन्यात एकोणतीसला गेले. मुलीला वाटलं काहीतरी चुकतंय, म्हणून तिने पुन्हा विचारलं. मग काकू फोनवरच रडायला लागल्या.

अक्षताला आधी ते कळलंच नाही. गेले म्हणजे गावाला गेले, असंच तिच्या मनात आलं. हर्षदने तपासणीचा कागद पुढे सरकवला, त्यावर परबांच्या नावापुढे 'मयत' असं लिहिलं होतं.

"किती भरलेस असे?" त्याने विचारलं.

तिने खरं ते सांगितलं. नऊ, आणि फक्त याच फेरीत. हर्षद वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, तुझ्या सातही फेऱ्यांचे फॉर्म काढून टाकायला सांगितलेत, आणि उद्यापासून येऊ नकोस.

"आधीचे खरे आहेत सर. धाकूकाकांचे तर शब्द न् शब्द त्यांचे आहेत. तेवढे तरी ठेवा."

"आता कोण मानणार, अक्षता?"

तिने टॅब परत केला, सही केली आणि मेट्रो धरली. घरी न जाता ती तडक असल्फ्याला गेली. माफी मागायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. या खेपेला ती चारही मजले चढली.

खोलीत धाकूकाकांच्या फोटोला हार होता आणि काकू डाळ निवडत बसल्या होत्या. तिला बघून त्या उठल्या नाहीत, बस मात्र म्हणाल्या. अक्षताने मुलीचं आजारपण सांगितलं, कट्ट्यावर बसून फॉर्म भरल्याचं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काय लिवलंस त्यांच्या नावान?"

"बारा टक्के."

काकूंनी मान हलवली. तितकंच म्हणाले असते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा सैलावला. मग त्या आपणहून त्या पहाटेचं सांगू लागल्या. छातीत कळ आली, रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली, डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की रक्तदाबाच्या गोळ्या नियमित चालू होत्या का. काकूंना राहून राहून तेच टोचत होतं. गोळ्या चालू होत्या, पथ्य होतं, मग माणूस गेला कसा? आपल्याच हातून जेवणात मीठ जास्त पडत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तेव्हापासून त्या स्वतः आळणी जेवत होत्या.

अक्षताला बसवेना. पाचव्या फेरीत काकू पाण्याच्या रांगेत गेल्या असताना धाकूकाका तिच्याशी बोलले होते. खर्च कुठे कमी केला, असा प्रश्न तिने विचारला तेव्हा ते हसून म्हणाले होते, गोळी मी एक दिवसाआड घेतो, अर्धीच पाकिटं आणतो, गॅसचे पैसे सुटतात. हिका सांगू नको हां. असं करू नका काका, एवढं तिने म्हटलं होतं. पडद्यावर 'औषधे' असा पर्याय होता, त्यावर तिने बोट टेकवलं होतं आणि पुढचा प्रश्न घेतला होता. त्या दिवशी तिची अजून सहा घरं बाकी होती.

गप्प बसली असती तर चाललं असतं. पण समोरची बाई मिठाला दोष देत आळणी जेवत होती. अक्षताने सांगून टाकलं. गोळ्यांचं, गॅसचं, आणि सांगू नको म्हणाल्याचंही.

काकूंचा हात ताटातल्या डाळीवर तसाच राहिला.

"डॉक्टराक मी शपथेवर सांगलंय, एक गोळी चुकूक नाय म्हणान." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुका म्हायत होता?"

"हो."

"चार महिने?"

त्यानंतर दोन फेऱ्या आल्या होत्या. एकीत ती याच खोलीत चहा पिऊन गेली होती, दुसरीत खालूनच परत फिरली होती.

काकू रागावल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर अक्षताला सोपं गेलं असतं. त्या उठल्या, कपाटातून धाकूकाकांची औषधांची पिशवी काढली आणि तिच्यातल्या दुकानाच्या पावत्या खिडकीच्या उजेडाकडे धरून एकेक वाचू लागल्या. तारखा जुळवत होत्या. अक्षता उभी राहिली. मदत करू का, असं तिने विचारलं.

"तू जा आता," पावतीवरून नजर न काढता काकू म्हणाल्या. "दार ओढून घे."

मुक्ता बरी होऊन घरी आली. अक्षताने साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. दिवसाच्या पगारावर दहा तास उभं राहायचं. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की सर्वेक्षणाचं कंत्राट संपलं.

डिसेंबरात एकदा असल्फ्याच्या बाजारात द्रौपदीकाकू दिसल्या, मेथीची जुडी निवडत होत्या. त्या अंगाने वाळल्या होत्या. अक्षता जवळ गेली. बोलायचं काय ते ठरवलेलं नव्हतं, पण पाय वळले. काकूंनी मान वर केली, तिला ओळखलं, आणि जुडी परत ढिगावर ठेवून त्या पुढच्या हातगाडीकडे चालू लागल्या.