पाचव्या जोडीचा टाका

हे कोणी खरं मानणार नाही, मंडळी, पण माझ्या ताईच्या रक्तातला हरवलेला तुकडा एका माणसाने नुसती फुंकर घालून परत आणला. ताई ही काय, समोर आरामखुर्चीत बसलीय. आणि मी तेव्हा शेवटच्या रांगेत बसून मिशीत हसत होतो.

जोडबाबा म्हणतात त्या माणसाचं सभागृह गच्च भरलेलं. कोणी पांढरंफटक पडलेलं, कोणी डोक्याला रुमाल बांधलेलं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर तपासण्यांची फाइल. एवढी माणसं, पण कोणी खोकेनासुद्धा. ताईचा हात बर्फासारखा गार होता.

तिची अस्थिमज्जा धड रक्त तयार करेना. दर पंधरा दिवसांनी बाटली चढवावी लागे. डॉक्टरांनी फोटो दाखवला होता. मज्जेतल्या एका पेशीची गुणसूत्रं, सुरवंटांसारखी, जोडीजोडीने मांडलेली. पाचव्या जोडीतलं एक आखूड, मधला तुकडाच गळालेला. हा दोष जन्माचा नाही, मागाहून आलाय, यावर कॅप्सूल आहेत, असं ते म्हणाले. पुढे रक्ताचा कॅन्सरही होऊ शकतो, हेही म्हणाले. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच.

जोडबाबा मात्र साखरेत घोळून बोलायचे. आधीच्या भेटीतच म्हणाले होते, एक धागा निघाला की अख्खी बाही उसवते, आपण फक्त टाका घालतो, गोळ्यांनी टाका सुटतो, तेव्हा गोळ्या बंद. आता सभेत त्यांनी ताईचा तो गुणसूत्रांचा फोटो खाकी पाकिटात सरकवला, गुणगुणले, फुंकर घातली आणि फोटो बाहेर काढला. पाचवी जोडी सारखी! सभागृहात हुंदके फुटले.

तेवढ्यात ताईची लेक कामावरून थेट आली, पांढऱ्या कोटातच. प्रयोगशाळेत ती रोज असेच फोटो जोड्या लावून मांडते. पाचव्या जोडीकडे तिने बघितलंही नाही, बघितलं शेवटच्या.

"बाबा, ही पेशी कोणाची?"

"तुझ्या आईचीच, बेटा."

"शेवटच्या जोडीत एक मोठं, एक बुटकं. अशी जोडी पुरुषाची असते. माझ्या आईला आता दाढी येणार का?"

कोणीतरी हसलं, तेही घाबरतच. मग तिने शेजारी बसलेल्या एका आजींचा 'जोडलेला' फोटो मागितला, मागे बसलेल्या एका शिंप्याचा मागितला. तिन्हींत तिसऱ्या जोडीतलं एक गुणसूत्र नेमकं एकाच जागी वाकलेलं. दोन पेशींत गुणसूत्रं अशी हुबेहूब कधी वाकत नाहीत, ती म्हणाली. एकाच निरोगी पुरुषाच्या एकाच पेशीच्या या प्रती. तिने पाकीट उलटं केलं. आत दोन कप्पे, आणि मागच्यात ताईचा खरा फोटो.

बाबा मागच्या दाराने गेले. भीती तिथेच राहिली.

म्हणून सांगतो, भीती वाटली तर डॉक्टरांना दहा वेळा विचारा, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा, पण कोणाच्या फुंकरीवर औषध सोडू नका. आधी पाकीट उलटं करा. माझ्यासारखं शेवटच्या रांगेत शांत बसून—

"खोटं," ताई म्हणाली. "तू पहिल्या रांगेत रडत होतास. आणि माझ्या कॅप्सूल तूच शिवणाच्या डब्यात लपवल्या होत्यास. नऊ दिवस."