बेडकावर जळणारी वाटी

मित्रांनो, मी एक जुनी वाटी आहे, स्टीलची, तळहातात मावेल एवढी. स्वतःविषयी बोलायची वेळ आली की जो तो आधी आपले गुण सांगतो. मी माझा दुर्गुण आधी सांगते, कारण तो लपवला तर पुढची हकिगत तुम्हाला कळायची नाही. मी जळकी आहे. दुसऱ्या भांड्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि वाटीला पोटाशिवाय दुसरं असतं तरी काय?

कारखान्यात पत्र्याची गोल चकती कापली, साच्यावर ठेवली, वरून दट्ट्या बसला आणि मी वाटी झाले. मग माझा काठ बाहेरच्या बाजूला वळवून गुळगुळीत केला, कुणाच्या ओठाला कापू नये म्हणून. आम्ही सहा जणी एका खोक्यात बसून या घरी आलो. नानांच्या बायकोने आम्हाला आणलं होतं. ती आता नाही, आणि सहांपैकी दोघीही कुठे गेल्या ते कुणाला माहीत नाही.

नाना म्हणजे या घरातले आजोबा. बसचे कंडक्टर होते. उभं आयुष्य त्यांनी "पुढे चला, पुढे सरका" म्हणण्यात घालवलं. निवृत्त झाले तरी जिभेवरचा तो शब्द काही उतरला नाही. नळाखाली बादली भरायला लागली की तिलासुद्धा म्हणत, "चला, पुढे चला."

त्यांचा मुलगा लहानपणी माझ्यातच जेवला. चांगली चार वर्षं मी घरातली पहिली वाटी होते. मग तो मोठा झाला, त्याला ताट लागलं आणि मी फळीच्या मागच्या कोपऱ्यात गेले. पुढे त्याचं लग्न झालं. सूनबाई आली ती शिलाई मशीन घेऊन. पुढच्या खोलीत तिने आपलं शिवणकाम मांडलं आणि टाचण्या ठेवायला काहीतरी हवं म्हणून नेमकं मला उचललं. जिच्यात मऊ भात असायचा तिच्यात टाचण्या! बहिणींच्या अंगाला रोज रश्शाचा वास यायचा, माझ्या अंगाला मशीनच्या तेलाचा. मी त्यांच्यावर फार जळले. बरीच वर्षं जळले.

आणि मग नात जन्मली. इतकीशी होती की तिची शिवणारी आई तिला बटणच म्हणू लागली, आणि तेच नाव पडलं. ती भात खाण्याएवढी झाली त्या दिवशी नानांनी माझ्यातल्या टाचण्या एका डबीत ओतल्या. मला उकळत्या पाण्यात घातलं, एखादी टाचणी राहिली नाही ना म्हणून आतून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरगा हिच्यात जेवला, नातही हिच्यातच जेवेल." मित्रांनो, त्या दिवशी फळीवरच्या बहिणींकडे मी ज्या नजरेने पाहिलं ते आठवून आज मला लाज वाटते. पण थोडीच.

नानांची भरवायची तऱ्हा अशी. भात, भाजी, उकडलेला बटाटा, सगळं माझ्यात एकत्र कुस्करायचं. मी म्हणजे बसथांबा. प्रत्येक घास म्हणजे प्रवासी आणि बटणचं तोंड म्हणजे बस. "दार उघडा," नाना म्हणायचे, "पुढे चला, पुढे, मागून माणसं येताहेत." बटणला हसू यायचं, हसायला तोंड उघडलं की प्रवासी आत. शेवटचा घास चढला की नाना मला तिरकी धरून मशीनवर बसलेल्या सूनबाईला दाखवायचे. "बघ, थांब्यावर एक माणूस शिल्लक नाही." सूनबाई मान डोलवायची. माझ्या लेखी जेवण कसं झालं याचं माप एकच होतं, मी चाटूनपुसून रिकामी झाले की नाही.

वर्ष उलटून गेल्यावर बटण बोबडं बोलू लागली. एके दिवशी अर्धी वाटी झाली असताना तिने मान वळवली आणि म्हणाली, "पुये."

नानांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. "ऐकलंस का सूनबाई? पुढे म्हणते. कंडक्टरची नात आहे." आणि त्यांनी पुढचा घास घातला.

त्यानंतर ती रोज पुये म्हणू लागली, आणि प्रत्येक पुयेला एक घास जाऊ लागला. पण गंमत अशी की इतकं पुढे म्हणणारी मुलगी हळूहळू तोंडच उघडेना. घास गालात धरून बसायची. कधी फुर्रकन उडवायची. मला पाहिलं की टेबलाखाली शिरायची. जेवणाला तास तास लागू लागला. नाना घामाघूम व्हायचे, त्यांचा आवाज चढायचा, तरी थांबा रिकामा झाल्याशिवाय ते उठायचे नाहीत. मीही त्यांच्याच बाजूची होते. मला वाटायचं, पोरगी नखरेल आहे.

मग दवाखान्यातल्या सिस्टरने वजन केलं. मी तिथे नव्हते, पण घरी आल्यावरचं बोलणं ऐकलं. दोन महिन्यांत बटणचं वजन तसूभरही वाढलं नव्हतं. सूनबाईचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर म्हणाल्या, तिला तिच्या हाताने खाऊ द्या," ती म्हणाली. "थोडं वाढा आणि गप्प बसा म्हणाल्या."

"गप्प बसून कुणी जेवतं का?" नाना म्हणाले. "आणि हाताने खाईल ती किती? निम्मं जमिनीला जाईल."

"जाऊ दे नाना. पुसेन मी."

आणि दुसऱ्या दिवशी माझी सवत घरात आली. प्लास्टिकचं ताट, हिरवंगार, बेडकाच्या चेहऱ्याच्या आकाराचं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे, तोंडाच्या जागी एक मोठा. खालून रबराचा असा काही चिकटपणा की टेबलावर दाबून बसवलं की हलायचं नाव नाही. एका डोळ्यात गाजराचे तुकडे, दुसऱ्यात उकडलेलं अंडं, तोंडात भात. काही म्हणून एकमेकांत मिसळायचं नाही. मी फळीवरून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ना काठाला वळण, ना अंगाला चकाकी, आणि डोळे तर इतके वटारलेले! असल्या ध्यानाला टेबलावर जागा, आणि मी फळीवर.

पहिल्या दिवशी बटणने भात कुस्करून केसांना लावला. मी मनात म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी तिने अंडं उचललं, निरखून पाहिलं आणि खाली टाकलं. मी म्हटलं, फारच छान. तिसऱ्या दिवशी तिने गाजराचा एक तुकडा स्वतःच्या हाताने तोंडात घातला, चावला, गिळला आणि दुसरा उचलला. सूनबाई श्वास रोखून बसली होती. त्या एका तुकड्याचं जे कौतुक झालं ते माझ्या भरलेल्या वाटीचं कधी झालं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण वाटीचं रडणं कुणाला कळणार?

एकटे नाना माझे होते. सूनबाई पुन्हा मशीनवर बसली आणि मशीनचा आवाज सुरू झाला की ते हळूच मला खाली काढायचे. "त्या बेडकाने काय पोट भरणार माझ्या बटणचं," असं पुटपुटत माझ्यात भात कुस्करायचे. म्हणजे बेडकाचं जेवण झाल्यावर माझं जेवण. मित्रांनो, हे चोरून चाललं आहे हे मला समजत होतं. बटणचं पोट आधीच भरलेलं आहे हेही समजत होतं. पण त्या अर्ध्या तासात ती माझी असायची, आणि बेडूक मोरीत उष्टा पडलेला असायचा. याहून मोठं सुख मला नको होतं.

असे आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी नानांनी तिला मांडीवर घेतलं. दोन घास गेले. "पुये," ती म्हणाली. नानांनी तिसरा घातला. "पुये," तिने हात आडवा केला. नानांनी हात हळूच खाली दाबला आणि चौथा घातला. पाचव्याला तिने डोळे गच्च मिटले, तिचं सगळं अंग आक्रसलं आणि ती भडाभडा ओकली. नानांच्या धोतरावर, जमिनीवर, आणि माझ्यात. गाजराचे तुकडे जसेच्या तसे वर आले. जे तिने आपल्या हाताने, आपल्या खुशीने खाल्लं होतं, तेही गेलं.

मशीन थांबलं. सूनबाई दारात आली. तिने बटणला उचललं, तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"तिचं जेवण झालं होतं नाना."

"चार घास तर होते," नाना म्हणाले. "आणि मी जबरदस्ती नाही केली. तीच म्हणत होती पुढे. पुढे म्हणाली म्हणून तर घातला."

"कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे? नेहमी म्हणते तसं. पुये."

सूनबाई बटणला खांद्यावर घेऊन पुढे आली. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "नाना, मी तिला अंघोळ घालते ना, तेव्हा डोक्यावर तांब्या ओतला की ती हात असा आडवा करते आणि म्हणते, पुये. मी थांबते. तुम्ही गंमत म्हणून पुढे म्हणता, खरं तुम्हाला माहीत आहे, असं मला वाटायचं."

"काय माहीत आहे?"

"ती पुरे म्हणते."

नाना तसेच बसून राहिले. ओल्या धोतराकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. "पुरे," ते एकदा म्हणाले. मग पुन्हा, अगदी हळू, "पुरे म्हणत होती होय ती." त्यांनी बटणकडे हात पुढे केला, पण तिने आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

नानांना तरी कमी ऐकू येतं आणि त्यांचा जन्म पुढे म्हणण्यात गेला. माझं काय? त्या शब्दाच्या सगळ्यांत जवळ मीच होते. तिचा श्वास माझ्या काठावर पडायचा. तिचा आडवा हात मला लागायचा. मलाही पुढेच ऐकू आलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. मी रिकामी व्हावी म्हणून एक एवढीशी मुलगी रोज कोंबून घेत होती आणि मी ते माझं यश समजत होते.

दोन दिवस नानांनी भरवायचं नाव काढलं नाही. बटण जेवताना ते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "नाना, तुम्ही पण इथेच जेवायला बसा. तिला एकटीला करमत नाही." आणि त्यांचा भात तिने माझ्यात वाढला. थोडाच, कारण मी थोडीच मोठी आहे.

नाना जेवू लागले. बटण बेडकातलं अंडं खात होती. खाता खाता थांबली, त्यांच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून घसरत उतरली, त्यांच्याजवळ गेली, माझ्यातला चमचा दोन्ही हातांनी धरला आणि भात त्यांच्या तोंडाशी नेला. निम्मा मिशीला लागला. नानांनी तोंड उघडलं. दुसरा चमचा आला, तिसरा आला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पुरे, बाळा," नाना म्हणाले.

बटणने चौथा चमचा अर्ध्यावरून मागे घेतला आणि माझ्यात परत ठेवला. लगेच ठेवला. काही विचारलं नाही, आग्रह केला नाही. मग ती आपल्या खुर्चीकडे चालू लागली.

मित्रांनो, मी सुधारले असं समजू नका. तो बेडूक टेबलावर बसला की आजही माझ्या पोटात दुखतं, आणि एखाद्या दिवशी तो फुटला तर मला वाईट वाटणार नाही. पण तुमच्या घरात एखादं लहान बाळ जेवत असेल आणि बोबडं काहीतरी म्हणत असेल, तर एवढं करा, चमचा थांबवा आणि ते काय म्हणतंय ते नीट ऐका. नाना पुरे म्हणाले त्या दिवशी माझ्यात चार घास भात उरला होता. सूनबाईने येऊन पाहिलं, नानांकडे पाहिलं, बटणकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान जेवण झालं आज."

त्या भातासकट तिने मला उचलून आत नेलं.