हद्दीवरचं गाऱ्हाणं

गाडी तयार होती, टाकी भरलेली होती, आणि तरी ती आमच्या अंगणातून हलत नव्हती. कारण एकच. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, देवाला गाऱ्हाणं घातलं नव्हतं.

मी काही देवभोळा नाही. हातखंब्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, चार बुकं शिकलेलो आहे. पण आमच्या वाडीत घरात गाडी आली, मग ती सायकल असो की डंपर, हद्दीवरच्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय ती वाडीबाहेर जात नाही. राखणदार म्हणजे आंब्याखाली उभा केलेला जांभ्याचा एक दगड. आणि नारळ देताना गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने, दुसऱ्या कुणी घातलेलं चालत नाही. मी हे मानत नाही. पण मोडतही नाही. आमच्याकडे बहुतेकांचं असंच असतं.

"गाडी एकोणनव्वद सालची हाय, आप्पा," मी एकदा म्हणून बघितलं. "हिला नवी कोण म्हणंल?"

"घरात नवी ती नवी," आप्पा म्हणाले. "सून काय जल्माला आल्या दिवशी घरात येते?"



ही पिकअप मला एका आंब्याच्या व्यापाऱ्याच्या परड्यात मिळाली. बॉनेटखाली कोंबडी खुडूक बसलेली होती आणि हौद्यात रानमोडीचं तण माजलं होतं. पत्र्याला बोट लावलं की गंजाचा पापुद्रा हातात यायचा. मला मात्र तिचे ते दोन गोल दिवे बघून वेड लागलं. पुढची काही वर्षं माझे सगळे रविवार तिच्यात गेले. इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स उघडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, खाचखळग्यांत लांबीची लुकण भरली, घासली, परत भरली. हौद्याच्या तळाला फणसाच्या फळ्या टाकल्या. मूळ गाडीला असली चैन नव्हती. पण मला ती भाजी वाहायला नको होती. मला तिच्यात झोपायचं होतं.

खरं सांगायचं तर मला घराबाहेर झोपायचं होतं. एक रात्र. कुठेही.

सात वर्षांपूर्वी आप्पांचं डावं अंग गेलं. मी तेव्हा मुंबईत होतो. थोरला भाऊ दीपकही मुंबईत, पण त्याची नोकरी पक्की आणि माझी कच्ची, म्हणून मी आलो. दोन महिन्यांसाठी आलो होतो. आप्पांना रात्री दोनदा तरी उचलून न्यावं लागतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. माझी बायको वेदिका त्यांचं जेवणखाण, औषधपाणी सगळं बघते, पण उचलायला मीच. एक माणूस ठेवून बघितला, त्याला त्यांनी पहिल्याच रात्री अशा शिव्या घातल्या की तो सकाळी चहालासुद्धा थांबला नाही. तेव्हापासून मी एकही रात्र बाहेर काढलेली नाही. सासुरवाडीच्या लग्नाला गेलो, अक्षता टाकून परत. लोक म्हणतात, विनीत श्रावणबाळ आहे. श्रावणबाळाच्या कावडीला निदान रस्ता तरी होता.

गाडी पुरी झाली आणि आप्पांची कारणं सुरू झाली. आधी भावकीत सुतक निघालं. मग पितृपंधरवडा. मग म्हणाले, हॉर्न बकरं कोकलल्यासारखा वाजतो, तो बदल. बदलला. मग मागचा फाळका हालतो म्हणाले. तो तेवढा खरंच हलत होता. मग आंबा होऊन जाऊ दे, मग पाऊस होऊन जाऊ दे. पासिंगला न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनीच तोड काढली, की हद्दीपलीकडे जाईपर्यंत दुसऱ्या गाडीने ओढत न्या, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी गेली असं होत नाही. परत येतानाही तसंच.

आणि प्रत्येक वेळी गाडी अंगणात उभी ती उभी, मग मी तिच्यात आणखी काहीतरी करायचो. घडीचा पलंग बसवला, वर ताडपत्रीचा टप उभारला, मच्छरदाणीला आकडे, चहाच्या शेगडीला फळी, एक छोटा पंखा. एवढ्या सुखसोयी असलेली उभी गाडी सगळ्या जिल्ह्यात दुसरी नसेल. दुपारी जेवून मी त्या पलंगावर आडवा व्हायचो. टपाच्या भोकातून आमचीच कौलं दिसायची. आतून आप्पांची हाक आली की उठायचो.

यंदा डिसेंबरात अंजनवेलला जुन्या गाड्यांवाल्यांनी जमायचं ठरवलं. शनिवारी गोपाळगडाखाली मुक्काम, रविवारी परत. मी महिनाभर आधी दीपकच्या मागे लागलो. फोनवर त्याने खूप अडचणी सांगितल्या आणि मी त्या सगळ्या ऐकून घेतल्या. शेवटी तो आला, शुक्रवारी. म्हणजे सुतक नव्हतं, अमावास्या नव्हती, हॉर्न गोड होता, आणि आप्पांना उचलायला त्यांचा सख्खा मुलगा घरात होता.

संध्याकाळी मी आप्पांच्या खाटेशी बसलो. "उद्या सकाळी नारळ देऊया, आप्पा."

"शनवारी नको. देवाच्या डोक्यावर शनी कशाला?"

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला मी जायलाच नको हाय, एवढं सरळ सांगा ना. सात वर्षं दाव्याला बांधल्यासारखा हाय मी हितं. दावं तरी तुटतं कधीतरी. मी एका रातीसाठी जातोय, आप्पा. एका रातीसाठी भीक मागतोय."

वेदिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दीपक मोबाइलमध्ये बघत राहिला. आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. बोलल्याचं अगदी पोटभर बरं वाटलं.

सकाळी मी त्यांचं तोंड धुवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "नारळ काड. असोला नको, सोललेला काड."

मी अंगणात धावलो. हो, धावलोच. वेदिकाने हळदकुंकू, अगरबत्ती, तांदूळ ताटात घेतले. शेजारचे दादूकाका, आप्पांचे चुलतभाऊ, हाक मारायच्या आधीच टोपी घालून आले. आप्पांना मी उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. आप्पांनी उजव्या हाताने समोरचा दांडा घट्ट धरला आणि घरापासून हद्दीपर्यंत, त्या एवढ्याशा वाटेवर, पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसून आले. उतरताना म्हणाले, "आवाज बरा हाय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मला वाटलं, उगाच काल तोंड सोडलं. आपला बाप वाईट नाही, हट्टी आहे.

राखणदारासमोर त्यांना उभं राहूनच बोलायचं होतं. मी डाव्या बाजूने त्यांच्या कमरेला विळखा घातला आणि त्यांचा सगळा भार अंगावर घेतला. गाडी मागे चालूच होती. एकदा लागलेलं इंजिन बंद करायचं धाडस मला होत नव्हतं.

गाऱ्हाणं ज्याने ऐकलेलं नाही त्याला सांगतो. एकजण देवाशी बोलतो, मोठ्याने, आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. शब्दांकडे कुणाचं लक्ष नसतं. लहानपणापासून तोंडाला वळण असतं, सूर खाली आला की आपोआप निघतं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," आप्पांनी सुरू केलं. आजारपणात बसलेला आवाज कुठून वर आला कोण जाणे. "बारा वाटंचा तू धनी, आमच्या मुलाबाळांचा राखणकर्ता."

"व्हय म्हाराजा."

"आज तुज्या ह्या लेकरानं, विनीतानं, सोताच्या हातानं गाडी उभी केलीन हाय. मोडक्याची नवी केलीन."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या चाकाला काटा लागू देऊ नको. घाटात, वळणात, पान्यापावसात तिला सांबाळ."

"व्हय म्हाराजा." माझं लक्ष घड्याळाकडे होतं. जयगडला किती वाजता पोचू, तिथून पलीकडे तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीला किती गर्दी असेल, मनात तेच चाललं होतं.

"ह्यो घरात अडकलाय, म्हाराजा. लई वर्सं अडकलाय."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्या वाटंत ह्यो म्हातारा आडवा पडलाय. त्येला आता तू उचल, आणि माज्या पोराची वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा."

एकच आवाज आला. दीपकचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. दादूकाका खाली बघत होते. वेदिकाने ताट छातीशी धरलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, मी सोडून. आणि माझा आवाज चांगला खणखणीत, घाईत असलेल्या माणसाचा.

आप्पांचं अंग माझ्या हातात होतं. ते जराही हललं नाही. त्यांनी उजव्या हाताने नारळ दगडावर आपटला, तो पहिल्या घावात फुटला, पाणी माझ्या पायावर उडालं. एक भकल दगडापाशी ठेवायला सांगितलं, दुसरं गाडीवर.

"आप्पा," मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

"म्हायत हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर मला झेपला असता. "लक्ष नसताना मान्साचं खरं बोलनं निघतं. जा आता, उशीर हुईल. दीपक, हितनं धर मला. तितनं न्हवं, काकंत हात घाल."

दीपकने काखेत हात घातला. सात वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी दुसऱ्या कुणाला धरू दिलं. माझा हात कमरेवरून सुटला आणि एकदम हलका झाला. तो हलकेपणा मला नकोसा झाला. वेदिका जवळ येऊन एवढंच म्हणाली, "जा हो. आता न जाऊन काय करणार?"

मी गाडीत बसलो आणि हद्द ओलांडली. कुणी अडवलं नाही. जयगडच्या रस्त्याला लागलो, गाडी सुरेख पळत होती, कुठे खडखड नाही की कुरकुर नाही. मी मोठ्याने म्हणायला लागलो, "बा देवा राखणदारा, ते खरं धरू नको, ते मी बोललो नाही." पुढे व्हय म्हाराजा म्हणायला बरोबर कुणी नव्हतं. मी देव मानत नाही, तर मग हे कुणाला सांगत होतो? आणि मानत असेन, तर पोटच्या पोराने दिलेला होकार त्याने ऐकलाच असणार. आता आप्पा उद्या गेले तर ते माझ्या शब्दाने गेले, आणि आणखी वीस वर्षं जगले तर वीस वर्षं रोज रात्री दोनदा मी त्यांना उचलणार, आणि उचलताना दोघांनाही माहीत असणार की मी काय म्हणालो होतो.