चौदावी रांग

एकदा मी पीचच्या खुंटावर बदामाचा डोळा उलटा बसवला, तर झाड जमिनीत वाढत गेलं आणि बदाम बटाट्यासारखे खणून काढावे लागले. ही गोष्ट मी आमच्या रोपवाटिकेत तीस वर्षं सांगत आलोय. ऐकणारे हसतात. अलीकडे फक्त बायको हसेनाशी झाली होती. मला वाटलं, ऐकून ऐकून विटली असेल.

आमचं काम जोडीचं, पीचच्या रोपांवर बदामाची कलमं बांधायचं. पुढे मी. जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटाच्या सालीला चीर द्यायची, बदामाच्या काडीवरून डोळा सालीसकट सोलायचा, चिरेत सरकवायचा आणि पुढच्या खुंटाशी जायचं. मागून बायको. ती त्यावर पट्टी गुंडाळून गाठ मारणार. दिवसाला एक रांग, नऊशे खुंट. लोकांना मी दोन हजार सांगतो. संध्याकाळी पाठ सरळ करताना आम्ही पाळीपाळीने कण्हायचो, एकदम कण्हलं तर कुणाचं जास्त दुखतंय ते कळत नाही म्हणून.

गेली काही वर्षं ती मागे पडू लागली होती. दहा खुंट, कधी वीस.

"अगं, गाठ मारतेस की स्वेटर विणतेस?"

"विणतेय. तुमच्या तोंडाला घालायला."

शेवटी मीच मुकादमाला म्हटलं, "हिचा हात जड झालाय. हिला पिशव्यांत माती भरायला बसवा." आमच्याकडे पिशव्या भरायला बसवलं की माणूस संपला असं धरतात. मुकादम "बघू" म्हणाला. ती तेव्हा दोनच खुंट मागे होती, सगळं ऐकू येईल एवढी. तिने गाठ मारली आणि पुढे सरकली.

चौदाव्या रांगेच्या दिवशी तिला ताप आला. पट्ट्या बांधायला पाणीवाला दिला. गडी माझ्या टाचेला टाच लावून आला, एकदाही मागे पडला नाही. घरी जाऊन मी हे तिला रंगवून सांगितलं.

पांघरुणातून ती म्हणाली, "काडी बघून धरत होतात ना? देठ खाली होतं ना?"

काडीवरची पानं कापतात, पण देठाचा तुकडा ठेवतात. तो डोळ्याच्या खाली आला की डोळा सुलटा, वर आला की उलटा. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

"मी काय आज आलोय?" मी म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

तीन आठवड्यांनी मुकादमाने देठांना बोट लावून पाहिलं. सगळी टपटप गळली, म्हणजे डोळे लागले. उलटा डोळाही लागतो, त्याला कुठे लाज असते. थंडी सरल्यावर खुंटांचे शेंडे छाटले, कोंब फुटले. तेरा रांगा सरळ वर निघाल्या. चौदाव्या रांगेत तीनशेच्या वर कोंब आधी जमिनीकडे गेले, मग वाट चुकल्यासारखे वर वळले. उलट्या धरलेल्या नळाच्या तोट्याच तोट्या.

मुकादमाने एक कोंब बोटाने उचलून पाहिला. "काका, बटाटे कधी काढायचे?"

कुणी हसलं नाही.

"चाकू द्या," तो म्हणाला. "उद्यापासून पिशव्या."

सबब मला एरवी लगेच सापडते. पाणीवाल्यावर ढकलावं, तर त्याने फक्त गाठी मारलेल्या. काड्या मी उचललेल्या, बोलता बोलता, न बघता. पूर्वी बोटांनाच कळायचं. पण मग बाकीच्या तेरा रांगा सरळ कशा? मी बायकोकडे पाहिलं. ती तिच्या पट्ट्यांची गुंडाळी नीट करत होती.

"उलटे डोळे कधीपासून सुलटे फिरवतेस?"

"चार हंगाम झाले."

"बोलली नाहीस."

"तुमची गोष्ट चाललेली असायची. मध्येच कशाला तोडायची?"

मुकादम तिला म्हणाला, "काकू, मग चाकू तुम्हीच धरा."

तिने चाकू घेतला, नखावर धार पाहिली. "धरते. पण पट्टी हेच बांधतील."

"जमेल का त्यांना?"

"गाठच मारायचीये. विणायचं थोडंच आहे."

या हंगामात ती पुढे असते. न बोलता कापते, मागे वळून बघत नाही. मी मागून वाकत जातो. बोटं दुखतात, पट्टी निसटते, दुपारपर्यंत ती तीस खुंट पुढे गेलेली असते. मागून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिवसभर दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. तिची पाठ माझ्यापेक्षा जास्त वाकलीय.

तरी प्रत्येक डोळ्याशी थांबून मी देठ बघतो. एखादा उलटा निघाला तर गुपचूप फिरवीन, तिला कळू देणार नाही. अजून एकही निघालेला नाही. एवढं मात्र खरं सांगतोय.