सोबतीला चतुराबाई

"खो-खो हाय म्हणून कुंकू पुढं ढकला, असं सांगू व्हय पाव्हण्यांला?" नानासाहेब खाटेवरून ओरडले.

चतुराबाई चुलीपुढून हलली नाही. शहरातल्या छावणी भागात तिची एकच खोली. थोरले दीर नानासाहेब वैजापूरहून आले की त्यांचा आवाज त्या खोलीत मावत नसे.

तिच्या एकुलत्या एका मुलीच्या, सरूच्या, कुंकवाचा, म्हणजे सोयरीक पक्की करण्याचा, कार्यक्रम रविवारी वैजापूरला ठरला होता. आणि शनिवारी मुलींच्या शाळेचा खो-खोचा संघ इंदूरच्या स्पर्धेला निघणार होता. शाळा पहिल्यांदाच राज्याबाहेर खेळायला चालली होती. सोबत जाणाऱ्या बाईंचा पाय मोडला आणि बाकीच्या शिक्षिकांना नेमकी घरची कामं आठवली. बाईमाणूस सोबत नसेल तर संघ जाणार नाही, असं मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं. उरली शाळेतली शिपाईण, चतुराबाई. संघातल्या मुनिराचे वडील, शहागंजातले बांगडीवाले जब्बारभाई, तर शाळेत येऊन म्हणाले होते, "चतुराबाई जाती तो मेरी पोरगी बी जाती. दुसऱ्या कुणाच्या भरोशावर नाय."

"लेकीच्या कुंकवाला मायच नाय, तर लोकं थुकतील तोंडावर," नानासाहेब म्हणाले.

"मी तिथं काय करू, भावजी?"

"काय म्हंजे? बसायचं."

"कुठं?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून घरातल्या प्रत्येक शुभकार्यात चतुराबाईची जागा मागच्या चुलीपाशी. ओटी भरणार तिची जाऊ भागूबाई, कुंकू लावणार सवाष्णी, आणि सरूला जन्म दिलेली बाई आत पुऱ्या तळणार. दारातून डोकावली तरी कुणीतरी गोड बोलून तिला परत आत पाठवणार. तिला याचा राग यायचा. फार राग यायचा. आजवर तो तिने पुऱ्यांबरोबरच लाटला होता.

"पुऱ्या तुमच्या सुना तळतील," ती म्हणाली. "मी नाय गेले तर त्या पोरी घरी बसतील. लई घाम गाळलाय त्यांनी. मी जाणार."

"आन् ही?" नानासाहेबांनी सरूकडे बोट दाखवलं.

सरू दारात उभी होती. डोळे भरलेले. "आई, मला तू म्होरं पायजे होतीस," ती म्हणाली. "म्होरं बसू देत नसतील तर तू जा."

नानासाहेब टोपी चढवून चहा न घेताच निघून गेले.

चतुराबाईला आगगाडीचा अनुभव मनमाडपर्यंतचा. इथं तर मनमाडला अरुंद रुळांची छोटी गाडी सोडून रुंद रुळांची मोठी धरायची आणि खांडव्याला पुन्हा छोटी. प्रत्येक डब्यात ती दारापाशी ट्रंकेवर ठाण मांडून बसली. एकाही मुलीला तिने फलाटावर पाणी प्यायला उतरू दिलं नाही; तांब्या घेऊन स्वतःच धावली.

"मावशी, आपण खेळायला चाललो की जेलात?" मुनिराने विचारलं.

"जब्बारभाईला इचार. गप बस."

रविवारी दुपारी मैदान आखून तयार होतं. खेळाआधी खांबापाशी नारळ फोडायची शाळेची रीत. खेळाचे शिक्षक पुंजाराम सर नारळ घेऊन थेट चतुराबाईकडे आले.

"मी कसं, सर? दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण आणू आता? पोरींना तुम्ही आणलंय. फोडा."

तिने नारळ हातात घेतला. या वेळेला तिकडे सरू पाटावर बसली असेल. भागूबाई तिची ओटी भरत असेल. पोरीने मान वर करून कुणाला शोधलं असेल? तिला रडू आलं, ते तिने अडवलं नाही.

मग तिने पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तरी नाही.

"मावशी, जोरात!" मुनिरा ओरडली. सगळ्या मुली हसल्या.

तिसऱ्यांदा मात्र नारळ फुटला. पाणी खांबाच्या बुडाशी मातीत मुरलं. खोबऱ्याचा तुकडा एकेकीच्या हातावर ठेवत ती म्हणाली, "खेळा गं आता. बघते मी."

शिट्टी वाजली, मुली मैदानात धावल्या. चतुराबाईने नाक पुसलं आणि चुन्याच्या रेघेला लागून, सगळ्यांच्या पुढे बसली.